डांबराच्या गोळीने ओल जात नाही

आषाढ लागला की आमच्या सांगलीत घरोघरी तेच वाक्य कानावर येतं: "पेटीत गोळ्या टाकल्यात ना? मग ओल नाही लागायची." परवा जाऊबाईंनी गोधडीसाठी जमवलेल्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं सोडलं. आत डांबराच्या सात-आठ गोळ्या तशाच पांढऱ्याशुभ्र, आणि कापडाच्या घड्यांवर काळे ठिपके. "गोळ्या असून बुरशी आलीच कशी?" त्या खरंच चक्रावल्या होत्या. मला मात्र आता हा प्रश्न ऐकवत नाही. शिवणकाम, विणकाम, मुलांचं कागदकाम, गौरी-गणपतीची आरास असं सामान ज्या घरात आहे, त्या प्रत्येक घरात डांबराची गोळी आणि सिलिका जेलची पुडी यांच्या कामाचा हा घोळ आहे.

डांबराची गोळी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. सिलिका जेल म्हणजे नव्या चपलांच्या खोक्यात किंवा पर्समध्ये निघते ती बारीक दाण्यांची पुडी, जी आपण लगेच केरात टाकतो. गोळीला वास आहे, पुडीला नाही. गोळी झिजून संपते, पुडी तेवढीच दिसत राहते. हे फरक किरकोळ आहेत.

खरा फरक एवढाच: गोळी हवेत काहीतरी सोडते, पुडी हवेतलं काहीतरी ओढून घेते. गोळी नॅफ्थलीनची असते. ती न वितळता थेट वाफ होऊन उडते आणि त्या वाफेने कसरीच्या, म्हणजे कपडे कुरतडणाऱ्या किडीच्या, अळ्या मरतात. पाण्याशी तिचं काही देणंघेणं नाही. ती ओल शोषत नाही, थोपवतही नाही. उलट सिलिका जेलच्या दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात, त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर हवेतली वाफ चिकटून बसते. कीड मात्र त्या पुडीला भीक घालत नाही. म्हणजे बुरशीवर गोळी टाकणं आणि कसरीवर पुडी ठेवणं, दोन्ही उपाय वाया.

म्हणून आधी विचारायचं ते हे, की या डब्यातल्या सामानाचा शत्रू कोण? कपड्यांची कसर लोकर, रेशीम, पिसं असलं प्राणिज खाते. आपण बाजारातून रंगीबेरंगी 'लोकर' म्हणून आणतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते, तिच्यात कसरीला खाण्यासारखं काही नाही. खात्री करायची असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास सोडते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. किलोभर ॲक्रिलिकच्या गुंड्यांत मूठभर गोळ्या ओतलेल्या बघितल्या की जीव तुटतो. क्विलिंगच्या कागदी पट्ट्या, कार्डशीट, सुती चिंध्या, लोखंडी सुया, जरीची लेस या सगळ्यांना पावसाळ्यात ओल छळते. तिथे पुडीच हवी.

आणि गोळी नुसती निरुपयोगी ठरते असंही नाही, ती नासधूस करते. आमच्या घरी एका ट्रंकेत जुन्या मखराचे थर्माकोलचे तुकडे आणि प्लॅस्टिकची बटणं होती, वरून गोळ्या. वर्षाने उघडलं तर थर्माकोलला गोळीच्या आकाराचे खळगे पडलेले, काही बटणं चिकट होऊन एकमेकांना धरून बसलेली. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि नॅफ्थलीनच्या वाफेने ते मऊ पडतं. गोळ्यांसोबत कापूर ठेवायची पद्धत तर बंदच करा. दोन्ही एकत्र आले की मिश्रण ३२ अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतं, आणि आपल्याकडचा चैत्र-वैशाख त्याच्या कितीतरी वर जातो. ते डाग रेशमावर पडले की संपलंच.

घरात तान्हं बाळ असेल तर मी गोळी दारातही येऊ देत नाही. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता आहे हे बऱ्याच घरांत आधी माहीतच नसतं. गोळ्यांत ठेवलेली दुपटी बाळाला थेट गुंडाळू नका. रांगत्या मुलाला ती गोळी पेपरमिंटसारखी दिसते, हे वेगळंच.

एका बाबतीत दोन्ही सारख्या: झाकण घट्ट नसेल तर दोन्ही फुकट. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, होती. जमिनीत खोल, तोंड बंद केलं की आत हवा खेळायची नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच गेली. डब्याचंही तेच तत्त्व. उघड्या कपाटात पुडी ठेवली तर ती सगळ्या खोलीची हवा प्यायला बघते आणि थोड्याच दिवसांत भरून जाते. चपलांच्या खोक्यातली ग्रॅम-दोन ग्रॅमची पुडी मोठ्या ट्रंकेला पुरत नाही. रबरी कडेच्या घट्ट झाकणाचा डबा आणि शंभर-दीडशे ग्रॅम दाणे, असं माझं प्रमाण आहे.

मात्र ओलं सामान आत कोंबून पुडीवर भार टाकू नका. वैशाखात दोन दिवस कडक ऊन दाखवा, घरात आणून थंड होऊ द्या आणि मगच भरा. आषाढात आवरायला काढलेला पसारा तेव्हाच बंद केला, तर त्या दिवसाची ओल तुम्ही आपल्या हाताने डब्यात भरता.

दाणे रंग बदलणारे घ्या, आणि निळ्यांपेक्षा केशरी. निळ्यांत कोबाल्टचा क्षार असतो, मुलांच्या हाताशी तो नको. केशरी दाणे हिरवे झाले की भरले. नुसत्या उन्हाने ते नीट सुकत नाहीत. पुडीतून काढून, स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या कढईत अगदी मंद आचेवर केशरी होईपर्यंत परता, आणि गार झाल्याबरोबर पुन्हा डब्यात.