खुलासा : बारा वर्षं मुरली नाही म्हणून व्हिस्की कच्ची नसते

"बारा वर्षं जुनी नसेल तर ती सिंगल माल्टच नव्हे, आणि स्कॉटलंडबाहेर ती होतच नाही." साकोलीकडच्या पानठेल्यांवर हे मी कित्येक वर्षं ऐकतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

सिंगल म्हणजे एकाच डिस्टिलरीची (दारू गाळण्याच्या कारखान्याची), माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. वयाचा संबंध नाही. स्कॉटलंडचा कायदाही किमान ३ वर्षंच मागतो. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने तर आपली सिंगल माल्ट २००४ साली बाजारात आणली ती थेट ग्लासगोत!

खरा खेळ हवेचा. मे महिन्यात आपल्याकडे रात्री काठोकाठ भरलेला रांजण सकाळी खाली उतरलेला असतो, कोणी पेलाभर पाणी घेतलं नाही तरी. व्हिस्की मुरवतात त्या ओकच्या लाकडी पिंपाचंही तसंच. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के दारू उडते, बंगळुरूत १० ते १२ टक्के. उष्णतेने ती लाकडात लवकर मुरतेही. तिथे बारा वर्षं ठेवली तर पिंपात जेमतेम पाव भाग उरेल. म्हणून चार-पाच वर्षांतच बाटल्या भरतात.

मळीच्या स्पिरिटवर बनणाऱ्या स्वस्त व्हिस्कीमुळे 'देशी म्हणजे मळी' हा समज पसरला. सिंगल माल्टमध्ये मळीचा थेंबही नसतो.