आतड्यांचा दाह आणि हाडांची झीज

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख विकार आहेत. जुलाब, पोटदुखी आणि शौचावाटे जाणारे रक्त यांनी रुग्ण इतका बेजार झालेला असतो की हाडांचा विषय त्याच्या मनात येत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांसमोरही निघत नाही. तो निघायला हवा. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या रुग्णांचा जो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात या रुग्णांमध्ये हाड मोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळले होते.

याचा सगळा दोष दाह दाबण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांवर टाकला जातो. तो अर्धाच खरा आहे. क्रोन्सचे निदान नुकतेच झालेल्या आणि स्टिरॉइडची एकही गोळी न घेतलेल्या अनेक मुलांमध्येही हाडांची घनता कमी आढळते. म्हणजे झीज औषधाच्या आधी, आजारापासूनच सुरू झालेली असते.

हाड आयुष्यभर थोडेथोडे झिजवले आणि पुन्हा बांधले जात असते. झिजवण्याचे काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या, अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी करतात. अशी पेशी हाडाच्या पृष्ठभागावर कडेने घट्ट चिकटते, आपल्याखालच्या बंदिस्त जागेत आम्ल आणि विकरे (एन्झाइम) सोडते, आम्लाने खनिज विरघळते, विकरांनी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तुटतात आणि काही आठवड्यांत तिथे एक उथळ खड्डा तयार होतो. तो भरून काढायला ऑस्टिओब्लास्ट या हाड बांधणाऱ्या पेशींना मात्र काही महिने लागतात. ऑस्टिओक्लास्ट तयार होण्याची सूचना ‘रँक-एल’ नावाचे प्रथिन देते, आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन त्याला वाटेतच अडवते. आतड्यात दाह पेटलेला असताना प्रतिकारशक्तीच्या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी रसायने रक्तात सोडतात, त्यामुळे रँक-एलचे पारडे जड होते आणि खड्डे जितक्या वेगाने पडतात तितक्या वेगाने भरले जात नाहीत. आजार पोटातला असूनही त्याची किंमत मणक्याला आणि खुब्याला मोजावी लागते ती अशी.

त्यात शोषणाची अडचण भर घालते. ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने त्याच्या शोषणासाठी पित्तक्षार लागतात, आणि हे पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शरीरात घेतले जातात. क्रोन्सचा आवडता भाग नेमका हाच. शस्त्रक्रियेत तो बराचसा काढावा लागला, तर पित्तक्षार वाया जातात, स्निग्धांश नीट पचत नाहीत आणि न शोषलेली मेदाम्ले आतड्यातच कॅल्शियमला धरून ठेवतात, म्हणून तेही शोषले जात नाही. दूध सोसत नाही म्हणून कोणताही पर्याय न शोधता दुग्धजन्य पदार्थ बंद केलेले असतील, तर आहारातले कॅल्शियमही घटते.

स्टिरॉइडची भूमिका यानंतर येते, पण ती किरकोळ नव्हे. ही औषधे हाड बांधणाऱ्या पेशींचे आयुष्य कमी करतात, आतड्यातले कॅल्शियमचे शोषण घटवतात आणि लघवीवाटे त्याचा निचरा वाढवतात. सर्वाधिक नुकसान उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत होते. तरीही हाडांच्या धास्तीने गोळ्या परस्पर बंद करणे घातक आहे, कारण दाह पुन्हा उसळतो आणि बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्या शरीरात ते अचानक थांबल्यास मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींचे कार्य तोकडे पडून जीवावर बेतू शकते. डॉक्टरांशी बोलण्याचा मुद्दा वेगळा आहे: दाह ताब्यात ठेवणारे, वारंवार स्टिरॉइडची गरज पडू न देणारे दुसरे औषध आपल्याला कधी सुरू करता येईल? माझ्या मते, हाडांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

तपासणी सोपी आहे. डेक्सा या अत्यल्प क्ष-किरणांच्या चाचणीत कंबरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात. निरोगी तरुण व्यक्तींशी तुलना करणारा ‘टी-स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांची ठिसूळता, समजतात. तरुण रुग्णांत मात्र समवयस्कांशी तुलना करणारा ‘झेड-स्कोअर’ पाहतात. तीन महिने वा अधिक काळ स्टिरॉइड घेतलेल्यांनी, वजन फार घटलेल्यांनी आणि रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांनी ही चाचणी लांबणीवर टाकू नये. मणक्याचे बरेचसे अस्थिभंग काहीही न दुखता होतात, त्यामुळे उंची कमी होणे किंवा पाठीला बाक येणे ही खूणही गांभीर्याने घ्यावी.

उपायांत ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून कमतरता भरून काढणे, पुरेसे कॅल्शियम, शरीराचा भार पेलायला लावणारा व्यायाम आणि धूम्रपान सोडणे हे आलेच. धूम्रपानाने क्रोन्सही बळावतो. हाडे खूपच ठिसूळ झाली असतील तर हाडांची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे देतात. त्यांतल्या गोळ्या उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर घेऊन नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. पोटाला त्या सोसत नसतील तर याच गटातले झोलेड्रॉनिक आम्ल शिरेतून वर्षातून एकदा देता येते, पण त्याआधी ड जीवनसत्त्वाची पातळी सुधारून घ्यावी लागते, कारण अन्यथा रक्तातले कॅल्शियम धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. ही औषधे हाडांत वर्षानुवर्षे राहत असल्याने, पुढे गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ती सुरू होण्यापूर्वीच तसे डॉक्टरांना सांगावे.