मरणं स्वस्त झालं तेव्हा

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम्स पूर्वी खरोखर अवघड होते, असं जुने खेळाडू नेहमी सांगतात. ते खोटं नाही. फक्त त्या काळी शत्रू मारण्यापेक्षा स्वतः मरणं जास्त जड जायचं.

एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या 'मड' या निव्वळ मजकुराच्या गेममध्ये लढाईत मेलात की तुमचं कॅरेक्टर, म्हणजे गेममधलं पात्र, कायमचं पुसलं जाई. त्यातून तगून 'विझार्ड' या सर्वोच्च पदाला पोचलेल्याचा मान म्हणूनच मोठा.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने कॅरेक्टर वाचवलं, दहशत मात्र ठेवली. मेल्यावर कमावलेले एक्सपी (अनुभवाचे गुण, ज्यांवर लेव्हल वाढते) बुडत, कधी लेव्हलही उतरे. तलवार, चिलखत सगळं प्रेतावरच राही. दूर कुठेतरी रिकाम्या हाताने जागं व्हायचं आणि ज्या गुहेत शस्त्रांनिशी टिकाव लागला नाही, तिथेच निःशस्त्र शिरून स्वतःचं प्रेत शोधायचं. फार उशीर झाला तर ते सामानासकट नाहीसं होई. एकट्याने हे निभणं कठीण. मग एखाद्या नेक्रोमॅन्सरला, म्हणजे मृतांची जादू जाणणाऱ्या खेळाडूला गाठायचं, तो प्रेत जवळ ओढून आणे; क्लेरिकची, म्हणजे उपचार करणाऱ्या खेळाडूची मनधरणी करायची, तो जिवंत करून बुडालेले बरेचसे एक्सपी मिळवून देई. आपण काहीतरी कमावलं ही भावना मला इथेच रुजलेली दिसते: गमावण्याची खरी भीती, आणि वेळेला धावून येणारी माणसं.

नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने हा जाच सैल केला. भूत होऊन प्रेतापर्यंत धावायचं, चिलखताची दुरुस्ती करायची, झालं. त्याच्या बीटामधली, म्हणजे प्रकाशनाआधीच्या चाचणीतली, एक गोष्ट बोलकी आहे. सलग खेळत राहिलं की कॅरेक्टर थकून एक्सपी निम्मे मिळत, आणि खेळाडू त्यावर चिडले. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने निम्म्या दराला 'नेहमीचा' म्हटलं आणि आधीच्या दराला विश्रांतीचा दुप्पट बोनस. गणित जवळपास तेच राहिलं, पण तक्रारी थांबल्या.

अवघडपणा आता ४० जणांच्या रेड्समध्ये, म्हणजे बलाढ्य शत्रूंवरच्या सामूहिक मोहिमांमध्ये गेला. तिथेही गिल्ड (खेळाडूंचा कायमचा संघ) लागे, शिस्त लागे, ओळखी लागत. मात्र २००९ मध्ये डंजन फाइंडर आणि २०११ मध्ये रेड फाइंडर आला, आणि एका बटणावर अनोळखी लोकांचा गट तयार होऊ लागला. ज्यांना दिवसाकाठी तासभरच मिळतो त्यांची मोठी सोय झाली, हे मान्यच. पण कोणाचं नाव लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही, आणि माझ्या मते खरं नुकसान हेच.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती २०१९ मध्ये 'क्लासिक' म्हणून परतली. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने अधिकृत हार्डकोअर सर्व्हरही उघडले: एकदा मेलात की त्या कॅरेक्टरला तिथे पुन्हा जीव नाही. हा नियम खेळाडूंनी आधी आपसांत ठरवून पाळला होता, मग कंपनीने उचलला. २०२५ मध्ये सर्व्हरवरच्या सायबर हल्ल्यांमुळे मेलेली कॅरेक्टर्स कंपनीने जिवंत करायचं ठरवलं, आणि मरण ते मरणच, अपवाद कसला, यावर खेळाडूंमध्ये जोरदार वाद झाला.