ओळखीच्या रस्त्यावर ८० चं ६० का करतात, आणि त्याचा एवढा राग का येतो

ग्रामीण भागातल्या रस्त्यावर स्पीड लिमिट कमी केली की सगळ्यात जास्त चिडतात ते त्याच रस्त्याने रोज ये-जा करणारे लोक. त्यांचं म्हणणं साधं असतं, वीस वर्षं या रस्त्याने गाडी चालवतोय, एकेक वळण पाठ आहे, कुठं पाणी साचतं कुठं रस्ता खचलाय सगळं माहितीये, आजवर गाडीला ओरखडा नाही, आणि आता कुणीतरी ऑफिसात बसून ८० चं ६० करून टाकलं. जिथं जिथं असा निर्णय झाला तिथं हेच ऐकू येतं. फ्रान्सने १ जुलै २०१८ पासून मध्ये दुभाजक नसलेल्या दुहेरी रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथं 'पिवळ्या जॅकेट'वाल्यांचं जे आंदोलन पेटलं त्याच्या रागात इंधनावरच्या कराबरोबर हे ८० सुद्धा होतं. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या गृहमंत्र्यांनीच सांगितलं की जवळपास ६० टक्के स्पीड कॅमेरे लोकांनी फोडलेत, जाळलेत नाहीतर निकामी केलेत. आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रामीण स्थानिक रस्त्यांची मर्यादा ८० वरून ६० वर आणली, तिथंही नाराजी झालीच.

हा राग मला खोटा वाटत नाही. ओरखडा नाही म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो. अडचण ही आहे की मर्यादा ज्या गोष्टीसाठी कमी करतात ती गोष्ट ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतच नाही.

आधी वेळेचं बघू, कारण पहिली तक्रार तीच असते. १० किमी अंतर ८० ने गेलं तर साडेसात मिनिटं लागतात, ६० ने गेलं तर दहा, म्हणजे फरक अडीच मिनिटांचा, आणि तोही पूर्ण रस्ता एकसारखा ८० ने पळता आला तर, जे वळणं, चौक, पुढचा ट्रॅक्टर यांच्यामुळे कधी जमत नाही. फ्रान्समध्ये सेरेमा नावाच्या सरकारी संस्थेने नंतर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा प्रवास सरासरी दर किमीला एक सेकंदाने वाढला होता. एक सेकंद! तरी लोकांना वाटत होतं की रोजचा बराच वेळ जातोय, आणि असं वाटायला कारण आहे. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की वेग वाढवून किती वेळ वाचतो याचा आपला अंदाज पद्धतशीर चुकतो, कमी वेगाला वाढवला तर वाचणारा वेळ आपण कमी धरतो आणि जास्त वेगाला वाढवला तर जास्त धरतो. तेच १० किमी घ्या, ४० वरून ५० वर गेलात तर तीन मिनिटं वाचतात, पण ८० वरून ९० वर गेलात तर फक्त ५० सेकंद, वाढ दोन्हीकडे दहाचीच. डोकं मात्र दोन्हीला सारखाच फायदा समजतं.

शिवाय वेग 'जाणवतो' तोही आधी आपण कुठल्या वेगात होतो त्यावर ठरतो. १९६९ मध्ये श्मिट आणि टिफिन या दोन संशोधकांनी ड्रायव्हरना बराच वेळ ताशी ७० मैलाने गाडी चालवायला लावली आणि मग स्पीडोमीटर न बघता नुसत्या अंदाजाने ४० वर आणा म्हणून सांगितलं, तर लांब अंतर चालवून आलेले लोक ५० च्या वर असतानाच 'आलं ४०' म्हणत होते. हायवेवरून आतल्या रस्त्याला वळल्यावर ६० म्हणजे गाडी जागेवरच उभी आहे असं वाटतं ते याच्यामुळे. त्यात आताच्या गाड्यांमध्ये ना इंजिनचा आवाज येतो ना हादरे बसतात.

आता ब्रेकचं गणित, कारण खरा फरक इथं पडतो. समजा रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत, आणि समोर काहीतरी दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो, जे अगदी नॉर्मल आहे. ६० ला तेवढ्या वेळात गाडी २५ मीटर जाते आणि मग ब्रेक लागून आणखी साधारण २० मीटर, म्हणजे ४५ मीटरवर थांबली. ८० ला नुसत्या दीड सेकंदातच ३३ मीटर जातात आणि ब्रेकचे ३५, एकूण जवळपास ७० मीटर. बरेच जण म्हणतील ठीक आहे, २५ मीटर जास्त. पण प्रश्न असा विचारायला हवा की जिथं ६० वाली गाडी थांबली, त्याच जागी ८० वाली गाडी किती वेगात असेल? हिशेब केला तर उत्तर येतं ताशी साधारण ६५. पहिल्या गाडीने जिथं अडथळ्याला नुसता स्पर्शही केला नाही तिथं दुसरी ६५ च्या वेगाने धडकते, आणि दोन्ही ड्रायव्हरनी ब्रेक एकाच क्षणी दाबलाय, दोघंही तेवढेच सावध, तेवढेच कुशल. रात्री तर लो बीमवर नीट दिसतं साधारण ५०-६० मीटरपर्यंतच, म्हणजे ८० ने जाणारा माणूस जेवढं दिसतंय त्याच्या पलीकडे थांबतोय. रस्ता पाठ असण्याचा इथं काही उपयोग नाही, कारण रस्त्यावर मध्येच आलेलं जनावर पाठ नसतं.

मग त्या वीस वर्षांच्या अनुभवाचं काय? याच्यावर जरा थांबू, कारण मला वाटतं सगळा वाद इथंच अडकलाय. एक काल्पनिक रस्ता घेऊ, रोज ५,००० गाड्या जातात, म्हणजे वर्षाला सव्वाअठरा लाख फेऱ्या. समजा त्या रस्त्यावर वर्षाला दोन जीवघेणे अपघात होतात, म्हणजे ढोबळमानाने नऊ लाख फेऱ्यांमागे एक. आता जो माणूस रोज दोनदा असा वीस वर्षं जातो त्याच्या फेऱ्या होतात १४,६००, आणि त्यातल्या एखाद्या फेरीत तो अपघात त्याच्याच वाट्याला येण्याची शक्यता येते दीड-पावणेदोन टक्के. म्हणजे अशा साठ जणांपैकी एकोणसाठ जण अगदी प्रामाणिकपणे सांगणार की मला कधी काही झालं नाही. उद्या वेग कमी झाला आणि धोका निम्म्यावर आला तर सव्वाशेतले एकशे चोवीस तेच सांगणार. सीटवर बसलेल्याला दोन्ही रस्ते सारखेच वाटतात, कितीही वर्षं चालवली तरी, पण त्या रस्त्याच्या दहा वर्षांच्या हिशेबात वीसाचे दहा झालेले असतात आणि ती दहा माणसं खरी असतात, त्यांच्या घरच्यांसकट. एकट्याचा अनुभव धोका मोजायला फारच तोकडा पडतो, त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही.

याच स्वेन्सनने १९८१ मध्ये लोकांना विचारलं होतं की ड्रायव्हिंगमध्ये तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठं आहात, तर त्याच्या अमेरिकन गटातले ९३ टक्के आणि स्वीडिश गटातले ६९ टक्के स्वतःला वरच्या निम्म्यात धरत होते. अपघाताशिवाय गेलेलं प्रत्येक वर्ष हा समज आणखी घट्ट करतं.

आणि ओळखीचा रस्ता म्हणून जी खात्री वाटते तिची दुसरी बाजू पण आहे. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठात चार्लटन आणि स्टार्की यांनी लोकांना सिम्युलेटरमध्ये तोच तो रस्ता पुन्हा पुन्हा चालवायला दिला, तर हळूहळू ड्रायव्हिंग आपोआप व्हायला लागतं, हात-पाय आपलं काम करतात आणि लक्ष भलतीकडे असतं. पाठ असलेल्या रस्त्यावर आपण रस्ता बघत नाही, आठवतो. नवीन लावलेला बोर्ड स्थानिक माणसालाच आधी दिसत नाही तो यामुळेच, आणि मग दंडाची पावती आली की राग दुप्पट होतो.

मोजमापं काय सांगतात? स्वीडनमध्ये योरान निल्सन यांनी वेगमर्यादा बदलल्यानंतरच्या आकडेवारीवरून एक नियम बसवला, सरासरी वेग एक टक्का बदलला की जीवघेणे अपघात साधारण चार टक्के बदलतात. म्हणजे वेगाचा चौथा घात, म्हणून छोटा बदलही मोठा परिणाम करतो, सरासरी ८० वरून ७७ वर आली तर जीवघेणे अपघात साधारण १४ टक्क्यांनी कमी. फ्रान्समध्ये सरासरी वेग ३.३ किमीनेच उतरला होता, म्हणजे मर्यादा दहाने उतरवली तरी लोक तीननेच हळू झाले, आणि तरी सेरेमाच्या हिशेबात पहिल्या २० महिन्यांत ३४९ जीव वाचले. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या क्लोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ग्रामीण रस्त्यांवरच्या अपघातग्रस्त गाड्यांचा वेग काढून त्याच जागी सुरळीत जाणाऱ्या गाड्यांशी ताडून पाहिला, तर सरासरीपेक्षा १० किमी जास्त वेगाला जखमी होण्याइतक्या अपघाताचा धोका दुपटीच्या वर आणि २० जास्तला जवळपास सहापट निघाला.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं की खरा धोका हळू चालवणाऱ्यांचा असतो. हे म्हणणं हवेतून आलेलं नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांचा ग्रामीण हायवेंचा अभ्यास आला, त्यातला आलेख यू आकाराचा होता, खूप वेगवान आणि खूप हळू दोन्ही गाड्या जास्त अपघातात. पण त्या हळू गाड्यांत वळणाऱ्या, थांबणाऱ्या, रस्त्यावर नुकत्या चढणाऱ्या गाड्या पण मोजल्या गेल्या होत्या, नंतर अशा गाड्या वगळून पाहिलं तर आलेखाची डावीकडची, म्हणजे हळू गाड्यांची चढण बरीचशी सपाट झाली, आणि क्लोडन यांच्या अभ्यासात हळू गाड्यांना जास्त धोका असल्याचा पुरावा मिळालाच नाही.

पण मग हायवेवर १०० चालतं आणि इथं ८० का नाही? कारण दुभाजक असलेल्या हायवेवर समोरून कुणी येत नाही. ग्रामीण रस्त्यावर माणसं मरतात ती मुख्यतः तीन प्रकारे, समोरासमोर धडक, रस्ता सोडून झाडावर किंवा खड्ड्यात जाणं, आणि चौकात बाजूने धडक. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' स्वीकारलं तेव्हा उलट्या बाजूने विचार सुरू झाला, की चांगल्या गाडीतलं माणसाचं शरीर किती सोसतं ते आधी बघा आणि वेग त्यावरून ठरवा. त्यातून आलेले आकडे असे, पायी माणसाला गाडी धडकू शकत असेल तर ३०, बाजूने धडक होऊ शकत असेल तर ५०, समोरासमोर होऊ शकत असेल तर ७०. मधे कठडा नसलेल्या रस्त्यावर ८० किंवा ९० म्हणजे एका माणसाची एका सेकंदाची चूक दोन गाड्यांच्या जिवावर, आणि सायकलवाला किंवा पायी जाणारा असेल तर त्याच्या बाजूने गणितात काहीच उरत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर ड्रायव्हरांच्या बाजूची गोष्ट पण तितक्याच जोरात सांगायला हवी. ओव्हरटेकचं घ्या. पुढचा ट्रक ७० ने चाललाय आणि तुम्हाला ८० चीच परवानगी आहे, तर वेगातला फरक फक्त दहाचा, त्याला नीट अंतर ठेवून पार करायला साधारण १८ सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही ४०० मीटर जाता आणि समोरचाही तेवढाच जवळ येतो, म्हणजे ८०० मीटर रिकामा दिसणारा रस्ता हवा. असा रस्ता वळणावळणाच्या भागात कुठून आणणार? फ्रान्समध्ये तर ट्रकची मर्यादाही ८० होती, म्हणजे मागच्याने मागेच राहायचं. ट्रकच्या मागे वीस किमी अडकलेला माणूस चिडला तर ते स्वाभाविक आहे, आणि चिडून केलेला ओव्हरटेक हा सगळ्यात वाईट.

दुसरं म्हणजे नुसता बोर्ड बदलणं. रस्ता रुंद, सरळ, मध्ये पांढरा पट्टा, बाजूला मोकळं, आणि बोर्ड म्हणतो ६०, तर डोळ्यांना रस्ता ९० सांगत असतो आणि माणूस डोळ्यांचंच ऐकतो. इंजिनिअर लोकांची एक जुनी पद्धत तर त्यावरच उभी आहे, शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लावायचे आणि पंच्याऐंशीव्या गाडीच्या वेगाच्या आसपास मर्यादा ठेवायची, म्हणजे बहुतेक लोक आपणहून नियमात बसतात. मला ही पद्धत पुरेशी वाटत नाही, त्यात पायी चालणाऱ्याला मत नाही आणि सगळे हळूहळू वेग वाढवत गेले तर मर्यादाही त्यांच्या मागे वाढत जाते. पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे की रस्त्याचं रूप आणि बोर्ड जुळले पाहिजेत. नेदरलँड्सने हे केलं, ६० च्या ग्रामीण रस्त्यांवरचा मधला पट्टाच काढून टाकला आणि फक्त कडेला तुटक रेषा ठेवल्या, म्हणजे समोरून गाडी येताना कुठं बसायचं हे ठरवावं लागतं आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. स्वीडनने १९९८ पासून रुंद रस्त्यांवर वेगळं केलं, तीन लेन, मधली लेन आलटून पालटून एकेका बाजूला ओव्हरटेकसाठी आणि मध्ये स्टीलच्या दोरांचा कठडा, त्या रस्त्यांवर मृत्यू जवळपास तीन चतुर्थांश कमी झाले, आणि ओव्हरटेकचा प्रश्नही सुटला.

फ्रान्समध्ये डिसेंबर २०१९ च्या कायद्याने जिल्हा पातळीवरच्या प्रशासनाला आपल्या रस्त्यांवर परत ९० करायची मुभा दिली आणि काहींनी ती वापरली. तशी मागणी आपल्या रस्त्यासाठी कुणाला करायची असेल तर ती जरूर करावी, फक्त सोबत काही गोष्टी मागून घ्याव्यात. या रस्त्यावर गेल्या पाच-दहा वर्षांत गंभीर अपघात कुठं आणि कुठल्या प्रकारचे झाले, बोर्ड बदलायच्या आधी आणि नंतर सरासरी वेग किती होता, पायी आणि सायकलने किती लोक जातात, आणि बोर्डाशिवाय रस्त्यात काय बदलणार आहात. ही माहिती न देता लावलेल्या बोर्डावर स्थानिक लोक चिडले तर त्यांची चूक नाही. माहिती मिळाली आणि त्यात निघालं की सरळ रुंद पट्ट्यात काहीच होत नाही, सगळं त्या दोन चौकांत होतंय, तर ६० पूर्ण रस्त्याला कशाला, चौकाच्या आधी ५० करा, तिथं गोल चक्कर बांधा आणि सरळ पट्ट्याचं वेगळं बघा, हे म्हणायला लोकांकडे आकडे असतील.