खडीतलं रान

पडक्या भिंतीजवळ वाकून पाहिलं, तर गिलावा उडालेल्या जागी एक काळपट, वाळका पापुद्रा दिसतो. मेल्यासारखा वाटतो, पण पाण्याचे चार थेंब टाकले की काही मिनिटांत हिरवा होतो. ते मॉस, म्हणजे भिंतीवरचं शेवाळ. त्याला खरी मुळं नसतात, धरून राहायला नुसते केसासारखे तंतू. पाणी आटलं की ते निपचित पडतं, पाऊस आला की पुन्हा कामाला लागतं. त्याच्या मऊ गादीत धूळ अडकते, ओल टिकते आणि कधीतरी वाऱ्यावर आलेलं बी तिथे रुजतं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात बर्लिनमध्ये घडली. तिथल्या टेम्पलहोफ भागातलं मालगाड्यांचं यार्ड 1952 साली बंद पडलं आणि रूळ, खडी, गंज सगळं तिथेच राहिलं. काही दशकांनी अभ्यासकांनी मोजदाद केली, तेव्हा नेचे आणि फुलझाडं मिळून 300हून अधिक जाती निघाल्या. इतक्या टाकाऊ जागी इतकी विविधता कशी?

उत्तर त्या खडीतच आहे. सकस मातीत दोन-चार दांडग्या वनस्पती भराभर वाढतात आणि बाकीच्यांचं ऊन अडवतात. खडीत पाणी कमी, पोषण त्याहून कमी, त्यामुळे कुणालाच दादागिरी जमत नाही आणि चिवट, बुटक्या, नाजूक फुलांच्या जातींना जागा मिळते. मला तरी यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

पण हे कायम टिकत नाही. रोबिनिया हे मूळचं उत्तर अमेरिकेतलं झाड शेंगावर्गीय आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधून घेतात. त्यामुळे माती सुपीक होते, झाडी दाटते आणि उन्हात वाढणारी फुलं मागे हटतात. म्हणून 2000 साली ही जागा झ्यूडगेलेंडे निसर्ग उद्यान म्हणून खुली झाली, तेव्हा माणसांना निवड करावी लागली: काही भागांत गवत कापून उघडी कुरणं राखायची, बाकी ठिकाणी रान वाढू द्यायचं.

शिल्पकारांनी तिथे लोखंडी पायवाट बांधली आहे. ती जमिनीपासून थोडी उंच आहे, त्यामुळे चालणाऱ्यांचे पाय गवतावर पडत नाहीत. रुळांच्या मधोमध वाढलेली झाडं तशीच उभी आहेत.