घाटरस्त्यांवरील फोर-बाय-फोर गाड्यांची ॲक्सल-दुरुस्ती (कोल्हापूर)

चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या ॲक्सलमधले (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या भागातले) बेअरिंग, ऑइल सील, शाफ्ट, जॉइंट, किंग पिन (पुढचे चाक वळते ती खीळ) आणि क्राऊन-पिनियन (इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) झिजले की ते तपासून दुरुस्त करणे किंवा बदलणे. भाग बदलणे हा या कामाचा सोपा अर्धा. तो भाग का झिजला हे शोधणे हा खरा अर्धा, आणि तोच राहून गेला तर नवे बेअरिंगही पुढच्या पावसाळ्यात आवाज करू लागते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला गाडीची परीक्षाच असते. गगनबावड्याला वर्षाला 5,000 मिमी.च्या पुढे पाऊस पडतो. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांत जांभ्याची तांबडी माती आहे. ती ओली असताना चिकटते आणि वाळल्यावर पॉलिश पेपरसारखी घासते. करूळ, फोंडा, आंबा या घाटांच्या माथ्यावरचे वाडी-वस्तीचे रस्ते, बॉक्साइटच्या खाणी, उसाच्या फडातून निघणाऱ्या चाकोऱ्या या सगळ्या ठिकाणी जुन्या महिंद्रा जीप, 1985 साली बाजारात आलेली मारुती जिप्सी आणि खाणीवरचे टिपर राबतात. वडापसाठी, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीसाठी, आयुष्य घालवलेल्या जीपही पुढे शेतीकामाला लागतात. त्यांचे ॲक्सल उघडले की मागच्या मालकांनी केलेले सगळे जुगाड एकेक करून हाती लागतात.

झिजेची सुरुवात बहुधा पाण्यापासून होते. घाट उतरून तापलेले ॲक्सल थंड ओढ्यात शिरले की हाउसिंगमधली (ॲक्सलच्या बाहेरच्या आवरणातली) हवा आकसते. वरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र) चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा सीलच्या कडेवरून पाणी आत ओढते. उलट गाडी तापते तेव्हा आत दाब साठतो आणि सील तेल गाळू लागते. म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चॅसीच्या वर, शक्य तर बॉनेटखाली नेऊन ठेवतात. खर्च अगदी किरकोळ आणि उपयोग मोठा. ओढ्यातून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येक गाडीला ही नळी हवीच.

तपासणीत पहिल्यांदा ड्रेन प्लग काढावा. तेल दुधाळ आले तर पाणी शिरले आहे. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणे स्वाभाविक असते, पण चिमटीत टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे आले तर हाउसिंग उघडण्याला पर्याय नाही. मग चाक उचलून वर-खाली आणि आडवे हलवतात. वर-खाली खेळ असेल तर हब (चाक बसते तो मधला भाग) बेअरिंग किंवा किंग पिन, फक्त आडवा असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक). ब्रेक दाबून धरल्यावर वर-खाली खेळ नाहीसा झाला तर दोष हब बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंग पिनचा. वळताना पुढून येणारी कटकट जॉइंटची असते. वेगाबरोबर चढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते, आणि ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना सूर बदलणारी घुंई क्राऊन-पिनियनची असू शकते.

जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलमध्ये गोळ्यांचा जॉइंट ग्रीस भरलेल्या नकलमध्ये (चाकाबरोबर वळणाऱ्या पोकळ भागात) बसतो. त्याच्या मागच्या फेल्ट आणि रबरी सीलमधून चिखल आत गेला की ग्रीसची काळी लापशी होते. नकल वर-खाली दोन किंग पिन बेअरिंगांवर फिरते. तिथला ताण शिम (पातळ चकत्या) घालून-काढून जुळवतात आणि नकल फिरवायला किती ओढ लागते हे स्प्रिंग काट्याने मोजतात. काटा न लावता हाताच्या अंदाजावर सोडलेल्या गाडीचे स्टिअरिंग खड्ड्यानंतर जोरात थरथरू लागते. उतारावर ते जिवावर बेतू शकते.

मागच्या ॲक्सलचा प्रकार आधी ओळखावा लागतो. टिपरमध्ये ते फुल फ्लोटिंग असते. गाडीचे वजन हब आणि हाउसिंग पेलते, शाफ्ट फक्त पीळ देतो, त्यामुळे चाक न काढता शाफ्ट ओढून घेता येतो. जिप्सीत ते सेमी फ्लोटिंग आहे. चाक शाफ्टलाच बसवलेले असल्याने शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. म्हणून अशा शाफ्टवर बारीकशी चीरही खपवून घेऊ नये. काढलेल्या शाफ्टच्या स्प्लाइनच्या (टोकावरच्या उभ्या खाचांच्या) रेषा सरळ आहेत का, हे उजेडात धरून पाहावे. त्या मळसूत्रासारख्या वळल्या असतील तर शाफ्ट पिळला आहे. तुटलेला शाफ्ट वेल्ड करून चालवतात हेही दिसते. ते साफ चुकीचे आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाची कडकाई जाते आणि तो जोडाशेजारीच पुन्हा तुटतो.

दुरुस्त काय होते, याचे उत्तर कोल्हापुरात थोडे मोठे आहे. उसाचे चरक आणि तेलइंजिनांच्या कामावर वाढलेले शिवाजी उद्यमनगर, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, तिथल्या फाउंड्री आणि लेथ यांमुळे इतरत्र भंगारात जाणारे हाउसिंग इथे वाचते. बेअरिंगचा कप (बाहेरचे कडे) हबमध्ये फिरून जागा सैल झाली असेल तर ती बोअर करून स्लीव्ह घट्ट बसवतात आणि मूळ मापावर आणतात. त्याऐवजी सैल जागेवर पंचाचे ठोके मारून कप ‘धरवण्याची’ रीत आहे. ते ठोके थोड्याच दिवसांत चेपतात. सीलच्या ओठाने शाफ्टवर पडलेली चरी नखाला लागत असेल तर नवे सीलही तिथून गळणार, म्हणून पातळ स्लीव्ह चढवतात किंवा सील थोडे पुढे-मागे बसवतात. बेअरिंगचा कप आणि कोन (आतला भाग) मात्र नेहमी जोडीने बदलावा. प्रेसऐवजी गरम करून बेअरिंग चढवायचे तर 120 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नये. गॅसच्या ज्योतीने ही मर्यादा पाळली जात नाही.

क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, एक जुना आणि एक नवा चालत नाही. पिनियनची खोली शिमने ठरते. दात किती मोकळे आहेत हे डायल गेजवर पाहतात, आणि लहान गाड्यांत ते साधारण 0.10 ते 0.25 मिमी. ठेवतात (नेमके माप त्या मॉडेलच्या पुस्तकातले घ्यावे). मग दातांना निळा रंग लावून फिरवतात. ठसा दाताच्या मध्यावर आला तर जुळणी बरोबर. तो टोकाला सरकला असेल तर सगळे उतरवून पुन्हा शिम बदलायची. चांगला मिस्त्री यात अख्खा दिवस घालवतो आणि त्या दिवसाची मजुरी द्यायला गिऱ्हाइकाने कुरकुरू नये.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, चॅसीखाली स्टँड हवेतच. निघालेले तेल डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे, गटारात ओतलेले तेल शेवटी पंचगंगेत जाते. नव्या जोडीवर पहिले काही शे किलोमीटर जड ओढकाम टाळतात. त्यानंतर जुळणीच्या वेळी भरलेले तेल काढून टाकून नवे गिअर ऑइल भरतात आणि चुंबकावर काय आले ते पाहतात.