राजकीय टॉक रेडिओ आणि ऐकून घेण्याची रीत

टॉक रेडिओ म्हणजे गाण्यांऐवजी बोलण्यावर चालणारा रेडिओ. निवेदक चालू घडामोडींवर बोलतो आणि श्रोते फोन करून त्यात उतरतात. याचा राजकीय अवतार मुख्यतः अमेरिकेत वाढला. विरोधी मत ऐकून घेणे आणि ते मांडणाऱ्याचा मान राखणे, या माध्यमात कितपत साधले हा इथला विषय. मराठीत 'ऐकवणे' म्हणजे कानावर घालणे आणि सुनावणेही. टॉक रेडिओची बरीचशी वाटचाल या दोन अर्थांच्या मधून झाली आहे.

अमेरिकेत प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी संस्थेने 1949 मध्ये 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचे धोरण आणले. परवानाधारक केंद्राने सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ द्यायचा आणि दुसरी बाजूही प्रसारित करायची, असा त्याचा गाभा. दोन्ही बाजूंना मिनिटे मोजून द्या, असे ते सांगत नव्हते. उमेदवारांना समान संधी देण्याचा नियम वेगळा. तो 1934 च्या कायद्यातला असून आजही लागू आहे. दोहोंची गल्लत जाणकारही करतात. रेड लायन खटल्यात (1969) सर्वोच्च न्यायालयाने फेअरनेस डॉक्ट्रिन उचलून धरले: रेडिओ लहरी मोजक्याच असल्याने प्रसारकाच्या हक्कापेक्षा श्रोत्याचा हक्क मोठा. 1987 मध्ये कमिशनने स्वतःच ते सोडून दिले.

पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्ट 1988 रोजी, उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. त्यामुळे 'नियम गेला आणि सभ्यता गेली' अशी सोपी गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. संगीत एफएमकडे गेल्याने एएम केंद्रे ओस पडत चालली होती, आणि उपग्रहामुळे एकच कार्यक्रम शेकडो केंद्रांवर पोहोचवणे स्वस्त झाले होते. 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढली, तेव्हा स्थानिक निवेदकांच्या जागा आणखी घटल्या. शिवाय उद्धटपणा आधीही होता आणि तो एकाच बाजूचा नव्हता. डेन्व्हरचे उदारमतवादी निवेदक ॲलन बर्ग फोन करणाऱ्यांना फटकारण्यासाठीच प्रसिद्ध होते. 1984 मध्ये वर्णवर्चस्ववादी टोळीने त्यांची घरासमोर हत्या केली.

लिंबॉ यांनी सुरुवातीच्या काळात नको असलेला फोन व्हॅक्युम क्लीनरचा आवाज आणि किंकाळी लावून तोडण्याचा प्रकार काही दिवस चालवला. त्यांचे चाहते स्वतःला अभिमानाने 'डिटोहेड' म्हणवत. आधीच्याने केलेली स्तुती पुन्हा करण्यात वेळ जाऊ नये म्हणून नुसते 'डिटो' (म्हणजे 'माझेही तेच') म्हणायचे, यातून ते नाव आले. री ओढण्याला इतके नेमके नाव क्वचितच मिळाले असेल. डाव्यांनी 2004 मध्ये 'एअर अमेरिका' हे रेडिओ नेटवर्क काढून उत्तर दिले. ते 2010 मध्ये बंद पडले.

आदराचा प्रश्न स्वभावाइतकाच यंत्रणेचाही आहे. फोन आधी सहायक उचलतो. काय बोलणार, कोणत्या बाजूचे, हे विचारून तो एका ओळीत निवेदकाच्या पडद्यावर टाकतो. कोणाला किती ताटकळत ठेवायचे ते तिथेच ठरते. प्रसारण काही सेकंद मागे ठेवलेले असते, म्हणजे आक्षेपार्ह शब्द बटण दाबून गाळता येतो. निवेदक बोलू लागला की फोनवरचा आवाज आपोआप दबेल, अशीही सोय असते. आपल्याला बोलूच दिले नाही, ही श्रोत्याची तक्रार त्यामुळे अनेकदा अक्षरशः खरी असते. हाताशी एवढी हत्यारे असताना ती न वापरणे हाच निवेदकाचा संयम. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी केंद्रावर 1989 पासून ब्रायन लेहरर यांनी आणि वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएएमयूवर 2016 पर्यंत डायेन रेहम यांनी तो वर्षानुवर्षे पाळून दाखवला.

अमेरिकी संसदेचे कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीच्या 'वॉशिंग्टन जर्नल'ने (1995 पासून, हा कार्यक्रम टीव्हीबरोबर सी-स्पॅन रेडिओवरही लागतो) संयम निवेदकाच्या मर्जीवर सोडला नाही. रिपब्लिकन, डेमोक्रॅट आणि अपक्ष यांना वेगवेगळे फोन क्रमांक दिले, आणि एकाने 30 दिवसांत एकदाच फोन करावा असा दंडक घातला. पक्ष श्रोता स्वतःच सांगतो, त्यामुळे खोटे बोलून दुसऱ्या रांगेत शिरणारे निघतातच.

ऑगस्ट 2016 मध्ये याच कार्यक्रमात डेमॉस या संस्थेच्या अध्यक्ष हेदर मॅकगी पाहुण्या होत्या. नॉर्थ कॅरोलिनातून एका श्रोत्याने फोन केला: मी गोरा आहे, माझ्या मनात पूर्वग्रह आहेत, भीती आहे, चांगला नागरिक होण्यासाठी मी काय करू? कृष्णवर्णीय मॅकगी यांनी आधी त्याचे आभार मानले. मग उपाय सांगितले: कृष्णवर्णीय कुटुंबांशी ओळख करा, रात्रीच्या बातम्यांवरून मत बनवू नका, धार्मिक असाल तर त्यांच्या चर्चमध्ये जा, त्यांचा इतिहास वाचा. त्याने ते मनावर घेतले, पुस्तके वाचली, आणि पुढे दोघे प्रत्यक्ष भेटले.